चुकवायचा चेंडू

आमच्या गल्लीत पाणी येतं त्या सकाळी कुणी कुणाशी धड बोलत नाही. पिंप, बादल्या, हंडे, पातेली, जे काही पोकळ असेल ते दारात मांडायचं आणि नळीचं तोंड याच्यातून त्याच्यात फिरवत राहायचं. फरश्या ओल्या, पायऱ्या ओल्या, माणसंही निम्मी ओली. अशाच एका सकाळी, उन्हाळ्याच्या तोंडावर, माझा थोरला भाऊ, अण्णा, आमच्या दाराच्या पायरीवरून घसरला. भरलेली बादली त्याने शेवटपर्यंत सोडली नाही, त्यामुळे पाण्यासकट पडला आणि वर मलाच म्हणाला, पाणी सांडलं बघ.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि नशीबवान आहात म्हणाले. अण्णाने मान डोलावली, घरी आला, खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला.

आम्ही मूळचे वैरागकडचे. अण्णा मिसरूड फुटायच्या आधीच सोलापुरात आला आणि यंत्रमागाच्या कारखान्यात लागला. चादरी विणल्या, टॉवेल विणले, आणि त्या विणकामावर मला शिकवलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. त्याची बायको आणि माझा नवरा, दोघंही लवकर गेले. त्याला मूल नाही, मला एक लेक, ती पुण्याला असते. निवृत्त झाल्यावर मी माझं सामान उचललं आणि त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. तेव्हापासून आम्ही रोज भांडतो आणि रोज एकत्र जेवतो.

पडण्याआधी अण्णाचा एक नेम होता. सकाळी दुधाची किटली घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथल्या टपरीवर जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा आणि दुधासोबत गल्लीभरच्या बातम्या घरी आणायच्या. पडल्यावर किटली माझ्याकडे आली. अण्णा घरातल्या घरात भिंतीला तळहात लावून चालायचा. भिंतीवर त्याच्या हाताच्या उंचीला मळकट पट्टा उमटला. बाहेर जायचंच असेल तर मी त्याचं कोपर धरायचं, आणि मी धरलं की तो आणखी वाकायचा. पाय दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. त्याला भीती बसली होती, एवढंच. पण एवढंच म्हणायला सोपं असतं.

लेकीचा फोन रोज यायचा. ती वाईट नाही, उलट फार मायेची आहे, म्हणूनच तिचं डोकं फिरलं होतं. मामा पुन्हा पडला तर तू एकटी काय करणार, हा तिचा प्रश्न. शेवटी तिने ठरवूनच टाकलं. दिवाळीला ती येईल. तोवर मामा एकटा हिंडायला लागला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी पुण्याला तिच्या आठव्या मजल्यावर यायचं. मी हो म्हणाले. अण्णाला सांगितलं तेव्हा त्याने आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला.

“तितं जाऊन मी काय करू?” तो म्हणाला. “वरनं खालची मान्सं बघू?”

समाजमंदिराच्या अंगणात म्हाताऱ्या माणसांना चेंडू खेळवतात, हे मला समोरच्या घरातून कळलं. समोर एक तेलुगू विणकर राहतात, अण्णाच्याच कारखान्यातले. दोघं एकमेकांना ‘बावा’ म्हणतात. तेलुगूत बावा म्हणजे मेव्हणा. नातं काही नाही, पण मेव्हण्याची सगळी थट्टा या नावाखाली बिनबोभाट चालते. या बावांचा खांदा आखडला होता आणि चेंडू खेळून तो सुटला, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं. मला हसू आलं. वर्गात चेंडू आणला म्हणून मी उभ्या नोकरीत पोरांचे चेंडू जप्त केले, आणि आता सत्तरी ओलांडलेल्या भावाला चेंडू खेळायला नेऊ? पण दुसरं सुचतही नव्हतं. कोपर धरलं आणि नेलं.

खेळ घेणाऱ्या बाई कुठल्याशा शाळेतून पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना पीटीच्या बाईच म्हणत. लिंबाच्या सावलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. बायका जास्त, त्यातल्या बऱ्याच जणींचं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, त्यामुळे माना पुढे आलेल्या. पुरुष बहुतेक मागावरचे. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात ही माणसं एकमेकांकडे बघून हातवाऱ्यांनी बोलायची. आता बहुतेकांचे कान कमी झालेत, पण नजर तशीच तयार आहे. पीटीच्या बाई ओरडून काही सांगत तेव्हा कुणी वळून बघत नसे. हात वर केला की सगळे गप्प.

सुरुवात सोपी होती. खुर्चीत बसूनच घोटे फिरवायचे, टाचा उचलायच्या. मऊ चेंडू तळहातांत दाबायचा, मग तळपायाखाली घेऊन पुढे मागे लोळवायचा. श्वास कोंडायचा नाही म्हणून मोठ्याने बोलत करायचं. कुणी आकडे म्हणे, कुणी देवाचं नाव, एक आजी सुनेची उणीदुणी काढत टाचा उचलायच्या आणि त्यांचं सर्वांत जास्त वेळ चालायचं. चेंडू शेजाऱ्याकडे द्यायचा, टोपल्यात टाकायचा, हेही झालं. अण्णा सगळं निमूटपणे करत होता. मला वाटलं, जमलं.

मग बाईंनी लाल चेंडू उचलला आणि एकेकाकडे हलकेच फेकायला सुरुवात केली. ज्याच्याकडे येईल त्याने झेलायचा. बायकांनी झेलला, निसटला तर हसल्या. अण्णाकडे चेंडू आला तसं त्याने झटक्यात तोंड फिरवलं, कोपर चेहऱ्यावर आडवं घेतलं आणि अंग एका बाजूला असं टाकलं की खुर्चीचे दोन पाय उचलले गेले. मी खुर्चीची पाठ धरली नसती तर तो खुर्चीसकट आडवा झाला असता. चेंडू त्याच्या मागे जाऊन पडला. बाईंना वाटलं नजर कमी आहे. त्यांनी पुन्हा फेकला, पुन्हा तेच. मग बावांकडे फेकला, तर तेही तसेच वाकले, आणि त्यांच्या पलीकडचे आणखी एक काका तर चेंडू हातातून सुटायच्या आधीच वाकले. सगळ्या बायका हसायला लागल्या. ही मंडळी मुद्दाम टवाळी करताहेत असं बाईंना वाटलं असावं.

“अहो, चेंडू आहे, साप नव्हे,” त्या म्हणाल्या.

बावा हसले. अण्णा हसला नाही. त्याने माझ्यापुढे हात केला, मी धरला आणि आम्ही घरी आलो. घरी आल्यावर म्हणाला, उद्यापासनं मी न्हाय येणार.

मी चिडले. मी चिडते तेव्हा थेट शाळेतली बाई होते, समोर कोण आहे ते बघत नाही. स्पंजच्या चेंडूला भिणाऱ्या माणसाने आठव्या मजल्यावरच बसावं, असंही बोलून गेले. तो ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर त्याने मला खाली बसायची खूण केली.

“बारके,” तो म्हणाला, “धोटा सुटला ना, तर हात पुढं करायचा नसतो. तोंड फिरवायचं आन् वाकायचं. हात पुढं केला त्येचा हात गेला. तोंड न्हाय फिरवलं त्येचा डोळा गेला. लई बघितलंय मी.”

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारा लाकडाचा तुकडा. दोन्ही टोकांना लोखंड, तेही टोकदार. तो वेगात असताना कधी वाट सोडतो आणि मागाबाहेर उडतो, मग समोर कोण उभं आहे ते बघत नाही. अण्णाने ते अगदी शांतपणे सांगितलं. ज्या मागावरच्या कमाईने माझ्या पाटी-पुस्तकाची सोय झाली, त्या मागापुढे हा माणूस रोज असा सावध उभा असायचा. घरी आल्यावर यातलं काही बोलायचा नाही, माझी उजळणी घ्यायचा. मी उठून चहा ठेवला, कारण त्याच्यासमोर रडले असते तर तो मलाच समजावत बसला असता.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले आणि पीटीच्या बाईंना हे सांगितलं. साप म्हणाल्याचं त्यांना वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी मला विचारलं की अण्णा वाकतो तेव्हा गुडघे वाकवतो का नुसती कंबर. मी म्हणाले, गुडघे. एका पायावर भार देतो का? म्हणाले, हो. तोल या पायावरून त्या पायावर नेणं, गुडघे वाकवून पुन्हा सरळ होणं, कंबर वळवणं, हेच तर त्यांना अण्णाकडून करून घ्यायचं होतं. झेलायचं नाव काढायचं नाही, त्या म्हणाल्या, त्यांना उद्या घेऊन या.

अण्णाला आणायला बावा स्वतः आले. दारात उभं राहून त्यांनी मराठी, तेलुगू आणि हातवारे मिळून जे काही सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की बायका आपल्याला हसल्या आहेत आणि आता आपण गेलो नाही तर जन्मभर हसतील. हे मात्र अण्णाला पटलं.

तर असा आमचा खेळ सुरू झाला. मागावरची माणसं मधे, बायका भोवती. बायकांनी चेंडू मारायचा, पुरुषांनी चुकवायचा. ज्याला लागेल तो बाहेर येऊन मारायला उभा राहणार. लाल चेंडू गेला आणि त्या जागी चिंध्या भरून शिवलेला मऊ चेंडू आला, लागला तरी कळू नये असा. आधी बसून, मग खुर्चीमागे उभं राहून, एका हाताने खुर्चीची पाठ धरून. विड्या वळणाऱ्या बायकांचे हात जलद आणि नेम पक्का. आयुष्यभर नवऱ्याला शब्दाने मारत आलेल्या, आता चेंडूने मारायची मुभा मिळाल्यावर त्यांचे खांदे आपोआप मोकळे झाले. बावांच्या बायकोने तर बावांशिवाय दुसऱ्या कुणावर चेंडू वाया घालवला नाही.

आणि अण्णाला चेंडू लागत नव्हता. चेंडू हातातून सुटायच्या आधीच तो फेकणारीचा खांदा बघून समजायचा आणि शेवटच्या क्षणी असा हलायचा की बघणाऱ्याला हसू फुटावं. मधल्या दिवसांत चादरीचाही एक खेळ झाला. आपली सोलापुरी चादर, सगळ्यांनी कडा धरायच्या आणि मधला चेंडू उडवत ठेवायचा. तिथे तो चादरीची वीण बोटांनी चाचपत राहायचा आणि चेंडूकडे त्याचं लक्षच नसायचं. त्याला खेळ एकच आवडला, चुकवायचा.

पाऊस झाला, गणपती झाले. एकदा माझी मारायची पाळी होती. मी नेम धरला आणि हात मागे घेतला, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की अण्णाची खुर्ची त्याच्या मागे बरीच लांब राहिली आहे. दोन्ही हात मोकळे, पाय थोडे फाकलेले, डोळे माझ्या खांद्यावर. मी चेंडू फेकलाच नाही. पीटीच्या बाईंनी बोटाने खूण केली, फेका. फेकला. तो वाकला, वळला, उभा राहिला. मला लागला न्हाय की, म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी भर अंगणात टाळ्या वाजवल्या.

हे झालं अंगणात. फाटकापाशी आलं की अण्णा थांबायचा आणि मी त्याचं कोपर धरायची. खेळताना कुणाचा आधार न घेणारा माणूस रस्त्यावर पुन्हा भिंत शोधायचा. एके दिवशी पीटीच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही धरता म्हणून ते धरून घेतात, एकदा सोडून बघा. मला राग आला. मी त्यांना सांगितलं की अंगणात चेंडू आहे, रस्त्यावर दुचाक्या आहेत, आणि माझा भाऊ पडताना तुम्ही पाहिला नाहीत, मी पाहिला.

खरं सांगायचं तर मला तो आवाज विसरता येत नव्हता. बादली फरशीवर आपटल्याचा आणि पाठोपाठ माणूस पडल्याचा. अण्णा उंबऱ्याशी गेला की तो आवाज माझ्या कानात यायचा. आई-वडील नाहीत, नवरा नाही. अण्णा गेला तर मला बारके म्हणून हाक मारणारं या जगात कुणी उरणार नाही. मला भीती वाटायची, आणि मी ती त्याच्या कोपराला धरून हिंडवायची.

दिवाळीला लेक आली. येताना पुण्याच्या घरातल्या जादा खोलीचे फोटो दाखवायला घेऊन आली. पलंग कुठे ठेवणार, मामाची खुर्ची कुठल्या खिडकीशी, सगळं तिने ठरवलं होतं. अण्णाने फोटो नीट बघितले आणि खोली चांगली आहे म्हणाला. ती खरंच चांगली होती.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती आमच्यासोबत अंगणात आली. बायकांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि तुझ्या मामाला मार म्हणाल्या. तिने भीतभीत फेकला. मामाने चुकवला. तिने जोरात फेकला, तोही चुकवला. मग पदर खोचून तिने जे काही चेंडू फेकले त्यातला एक पीटीच्या बाईंना लागला, एक लिंबाला लागला, पण मामाला लागला नाही. ती हसता हसता खाली बसली आणि डोळे पुसायला लागली.

पण माझी लेक आहे, एवढ्यावर विसरणारी नव्हे. संध्याकाळी घरी फराळाची ताटं पुढे असताना तिने विषय काढलाच. “मामा, तिथे चेंडू मऊ आहे. रस्ता मऊ नाही. एकटा असताना पडलास तर?”

अण्णाने हातातली करंजी खाली ठेवली.

“पडलो तर पडलो की,” तो म्हणाला. “हितं समदे बहिरे हायती. मी वरडलो तर कुनाला ऐकू जायचं न्हाय. पर आमी जन्मभर एकमेकाकडं बघत काम केलंय. मी कोपऱ्यापतूर जातो तवा बावा बघतोय, टपरीवाला बघतोय, समद्या बाया दारात हायत्या. मी नुसता अडखळलो तरी धा जन धावत्यात. तुज्या तितं लिफ्टमदी माज्याकडं कोन बघतंय, बाळ?”

लेकीने माझ्याकडे पाहिलं.

“मला पटलं, आई. पण मामा एकटा जातोच कुठे? तू जाऊच देत नाहीस. तू धरूनच ठेवणार असशील तर इथे काय आणि पुण्यात काय, सारखंच. मग निदान माझ्याजवळ तरी या.”

अण्णा माझ्याकडे बघत नव्हता. तो करंजीचे पडलेले तुकडे गोळा करत होता, आणि मला कळलं की त्याला याचं उत्तर कधीपासून हवं होतं, फक्त बहिणीला विचारायचं जिवावर आलं होतं.

सकाळी मी भाकरी थापायला बसले. लेक न्हाऊन केस पुसत होती. अण्णाने फळीवरची दुधाची किटली स्वतः काढली, उंबऱ्याशी गेला आणि रोजच्यासारखा थांबला. मी उठले. हात पिठाचे होते, तसेच पदराला पुसले आणि सवयीने एक पाय चपलेत घातलासुद्धा. अण्णाने कोपर थोडं बाहेर काढून धरलं होतं.

“तू जाऊन ये,” मी म्हणाले. “माझ्या भाकऱ्या व्हायच्यात.”

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. कोपर खाली घेतलं. पायरीवर दोन्ही पाय टेकवून उभा राहिला, मग खालच्या पायरीवर, मग रस्त्यावर. समोरच्या दारात बावा दात घासत उभे होते. त्यांनी ब्रश तोंडात ठेवूनच हात वर केला. अण्णानेही केला. मग तो कडेकडेने कोपऱ्याकडे निघाला, हळूहळू, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. एक पाय चपलेत, एक बाहेर. त्या कोपऱ्यापर्यंतच्या वाटेवर मी त्याला किती वेळा पडताना पाहिलं ते मलाच माहीत. तो एकदाही पडला नाही. वळणावर त्याने मागे बघितलं नाही. तो दिसेनासा झाल्यावर मी चप्पल काढली आणि दाराच्या चौकटीला धरून रडले. मागे तव्यावर भाकरी करपत होती. लेकीने ती खाली उतरवली, माझ्या हाताला लागलेलं पीठ आपल्या टॉवेलने पुसलं आणि शेजारी उभी राहिली. दोघी कोपऱ्याकडे बघत होतो.

दुपारी तिने पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं, एकटीचं.